नव्या बंधूचा हात कोणाच्या हाती? ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या ग्रँड मास्टरांना खुले पत्र

मा. ग्रँड मास्टर,
ग्रँड लॉज ऑफ इंडिया, नवी दिल्ली


हे पत्र वैरागहून लिहितो आहे. आपल्या जनपथावरच्या कार्यालयात या गावाहून टपाल क्वचितच जात असेल. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे, संतनाथ महाराजांचे हे गाव. ज्वारी, तूर, सोयाबीन, जिथे पाणी आहे तिथे द्राक्षे. इथे मेसनिक लॉज नाही. नोकरीची वर्षे मुंबईत, एका विमा कचेरीत काढून मी वडिलांच्या घरी परत आलो. मुंबईत असताना फोर्टातल्या एका लॉजने मला मेसन करून घेतले, आणि आजही मी स्वतःला त्याच लॉजचा माणूस समजतो.

पत्र बंद पाकिटातून न पाठवता मराठी मासिकातून का लिहिले, हे आधी सांगतो. लॉजमधले जे दाराआड राहायचे ते दाराआडच राहील. मी घेतलेली शपथ मला पाठ आहे. पण माणसाला आत घेतल्यावर त्याला कसे सांभाळायचे, यात गुपित असे काहीच नाही. उलट ज्या घरांतून ही माणसे लॉजमध्ये येतात त्या घरांनाही हे कळायला हवे. उत्तर हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत. आपल्याकडेही एखाद्याचा नवरा किंवा मुलगा मेसन झाला की घरात कुजबुज होते, ‘तिकडे दार लावून करतात तरी काय?’ त्या कुजबुजीला उत्तर द्यायचे तर दाराबाहेरच बोलले पाहिजे.

माझे म्हणणे एकच आहे. नव्या बंधूला आत घेताना आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी तो आत आल्यावर घेत नाही. प्रत्येक नव्या बंधूला पहिल्या दिवसापासून एक ठरलेला जुना बंधू मिळाला पाहिजे. त्या जुन्या बंधूचे नाव लॉजच्या इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजे, आणि त्या नावाला पुढे जाब विचारला गेला पाहिजे.

ज्यांना ही संस्था माहीत नाही त्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. फ्रीमेसनरी हा धर्म नाही आणि राजकीय पक्षही नाही; लॉजमध्ये या दोन्ही विषयांवर वाद घालायला मनाई आहे. गवंड्यांच्या जुन्या संघटनांची अवजारे आणि चालीरीती घेऊन, त्यांच्या आधाराने माणसाने स्वतःला घडवावे, अशी ही शिकवण. लंडनमध्ये 1717 साली पहिली ग्रँड लॉज झाली. मुंबईत 1758 मध्ये लॉज आले. आत येऊ इच्छिणाऱ्याची परमेश्वरावर श्रद्धा हवी, मग तो परमेश्वर कोणत्या नावाचा, हे विचारले जात नाही. भारतातल्या लॉजमध्ये निरनिराळे धर्मग्रंथ एकाच वेळी उघडून ठेवलेले असतात, आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. पायऱ्या तीन: एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. नाव सुचवायला एक सभासद लागतो, अनुमोदनाला दुसरा, आणि मग पेटीत गोळ्या टाकून गुप्त मतदान. पेटीत काळी गोळी निघाली की दार बंद. एवढ्या चाळणीतून आलेला माणूस आपण वर्षभरात गमावतो, हे मला सोसत नाही.

ही चाळणी एके काळी अन्यायाचीही होती. माणेकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. पुढे मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठे काम केले. मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजने त्यांना दारात उभे केले नाही. ते विलायतेला गेले, तिथेही जमले नाही. अखेर 1843 मध्ये पॅरिसच्या एका लॉजने त्यांना मेसन केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज उभे केले, ते इथल्या माणसांना आत घेता यावे म्हणूनच. पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंची वाट त्याहून बिकट निघाली, कारण अनेक देव मानणाऱ्याची शपथ धरायची कशी, असा प्रश्न काही अधिकाऱ्यांना पडला होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त 1863 पासून दार ठोठावत होते. ते उघडले 1872 मध्ये.

हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मी तो उगाळतो तो एवढ्याचसाठी, की या देशात जेव्हा जेव्हा नवा माणूस आत आला, तेव्हा आतल्या कोणीतरी स्वतःची प्रतिष्ठा त्याच्यामागे उभी केली होती. नियमांनी दार उघडले असे कधी झाले नाही. बर्न्स नसते तर रायझिंग स्टार झाले नसते, आणि ते लॉज नसते तर खरशेदजी रुस्तमजी कामांसारखा पंडित मेसनरीला कुठून मिळाला असता? इराणी विद्येचा हा व्यासंगी माणूस पन्नास वर्षे लॉजचा राहिला. त्या निमित्ताने जीवनजी जमशेदजी मोदींनी संपादित केलेला गौरवग्रंथ 1907 मध्ये निघाला. पन्नास वर्षे टिकणारा बंधू पहिल्या वर्षात घडतो असे मी मानतो.

मला घडवले ते एका पारशी बंधूंनी. ते आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना आवडेल की नाही हे माहीत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. ते बँकेतून निवृत्त झालेले होते, आणि मी बार्शी तालुक्याच्या मातीतला, इंग्रजी वाचता येणारा पण बोलताना अडखळणारा कारकून. आमच्या लॉजचे विधी इंग्रजीत, आणि सगळे पाठ म्हणायचे. कागद हातात धरायचा नाही. पहिल्या रात्री घरी परतताना माझ्या कानात नुसते शब्द घुमत होते, अर्थ लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या कचेरीत आले. जेवणाच्या सुट्टीत मला एका इराण्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, ‘काल जे ऐकलंस त्यातलं तुला काय आठवतं, एवढंच सांग.’ मी जे सांगितले त्यात निम्मे चुकीचे असेल. त्यांनी एकही चूक काढली नाही. तेच सगळे त्यांनी पुन्हा, सावकाश, स्वतःच्या शब्दांत सांगितले आणि बनमस्का संपवून निघून गेले.

त्यानंतर दर आठवड्याला तसेच. दुसऱ्या पायरीला जाण्याआधी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे त्यांनी माझ्याकडून ओव्हल मैदानाभोवती चालता चालता घोटून घेतली. पण खरी शिकवण त्या उत्तरांबाहेर होती. लॉजला पोहोचल्यावर आधी टायलरला नमस्कार करायचा, कारण तो दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहतो म्हणून आपण आत निर्धास्त बसतो. नवा पाहुणा एकटा दिसला तर त्याच्या शेजारी जाऊन बसायचे. विधी संपल्यावरच्या जेवणाला, फेस्टिव्ह बोर्डला, घाईने निघून जायचे नाही. शाकाहारी आहेस म्हणून संकोच करायचा नाही, मी सांगून ठेवले आहे. आणि कोणाला पैशांची अडचण असेल तर ती त्याने बोलून दाखवण्याआधी ओळखायला शिकायचे.

ते आमच्या चाळीतल्या घरीही आले. सौभाग्यवतीने चहा ठेवला, पण ती मनातून धास्तावलेलीच होती. त्यांनी मोडक्या मराठीत तिला सांगितले, ‘बेन, तुमच्या मिस्टरांना आम्ही कोणता देव सोडायला सांगत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ आम्हाला द्या. ती जास्त झाली तर मला फोन करा, मी त्यांना घरी पाठवीन.’ घरातली शंका त्या दिवशी मिटली. हे काम कोणतेही माहितीपत्रक करू शकले नसते.

माझे वडील गेले तेव्हा मी वैरागला होतो. दहाव्याच्या आदल्या दिवशी हे वृद्ध गृहस्थ रात्रीच्या गाडीने सोलापूरला उतरून, एसटीने गावात आले. गावात त्यांना कोणी ओळखत नव्हते. डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढरा डगला. ओसरीवर भाऊबंदांच्या रांगेत ते खाली बसले. आमच्या चुलत्यांनी विचारले, ‘पाव्हणं कोण?’ मी म्हणालो, ‘माझे बंधू.’ चुलत्यांनी पुढे काही विचारले नाही. त्यांना पाणी दिले आणि टेकायला लोड दिला.

ग्रँड मास्टरसाहेब, बंधुत्व या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही व्याख्यानातून एवढा कळला नाही.

आता दुसरी हकिकत. आमच्या भागातला एक तरुण, अभियंता, एका शहरात नोकरीला आहे. तो तिथल्या एका लॉजमध्ये दाखल झाला. मी त्याला लॉजमध्ये आणले नव्हते. दुसऱ्या कोणाच्या ओळखीने तो गेला. तिन्ही पायऱ्या त्याला लवकर लवकर मिळाल्या. प्रत्येक वेळी टाळ्या, अभिनंदन, फोटो. पुढे दिवाळीत तो मला इथे भेटला तेव्हा लॉजला जाणे थांबले होते. मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘काका, तिथे सगळे मला ब्रदर म्हणतात, पण माझं नाव दोघांनाच ठाऊक आहे. आणि मी आलो नाही म्हणून फोन कोणाचाच नाही आला. वर्गणीचा मेसेज तेवढा येतो.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले. रागावलेला माणूस परत येतो. ज्याला काहीच वाटेनासे झाले तो येत नाही.

त्या लॉजमधली माणसे वाईट नाहीत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला वाटले असणार की दुसरे कोणीतरी या मुलाकडे पाहत असेल. सूचकाला वाटले, मतदान झाले, माझे काम संपले. लॉजच्या प्रमुखाला, म्हणजे मास्टरला, विधी बिनचूक करायची चिंता. सेक्रेटरीला वर्गणीची. जबाबदारी सगळ्यांची असली की ती कोणाचीच राहत नाही, हे आमच्या गावच्या पाणीपुरवठ्यापासून सगळीकडे दिसते.

एका ज्येष्ठ बंधूंशी मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘मेसनरीत माणूस स्वतःच्या इच्छेने येतो. आच त्यालाच असली पाहिजे. आपण मागे लागायचे नसते.’ यातला पहिला भाग खरा आहे. आपण कोणाला ओढून आणत नाही, आणि आणूही नये. पण दार ओलांडल्यानंतर काय घडते ते पाहा. पहिल्या विधीत उमेदवाराला एकट्याने एक पाऊलही टाकू देत नाहीत. डीकन नावाचा पदाधिकारी त्याचा हात धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, काय म्हणायचे, सगळे त्याच्या कानाशी सांगितले जाते. मग त्याला ईशान्येच्या कोपऱ्यात उभे करतात, कारण इमारतीचा पहिला दगड त्या कोपऱ्यात बसवण्याची जुनी चाल. आपल्याकडेही ईशान्य कोपरा देवाचा मानतात. एवढ्या निगुतीने ज्याला पायाचा दगड म्हणून उभे केले, त्याचा हात त्याच रात्री सुटतो आणि पुन्हा कोणी धरत नाही! विधी आपल्याला जे करून दाखवतो ते विधीबाहेर करायला आपण तयार नाही, एवढाच याचा अर्थ निघतो.

नव्याला सांभाळण्याची रीत मी लॉजच्या आधी इथेच पाहिली होती. माझे वडील माळकरी. आमच्या भागातून पंढरपूरला दिंड्या जातात, आणि मी पोरवयात त्यांच्या मागे चाललो आहे. माळ घालणाऱ्याला वारीचा नेम, एकादशी, हरिपाठ हे सगळे पत्करावे लागते. म्हणजे शपथ इथेही आहे. पण शपथ घेतली आणि सोडून दिले, असे होत नाही. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. नवीन माणसाला रांगेच्या कडेला ठेवत नाहीत. दोन जुन्या टाळकऱ्यांच्या मध्ये घालतात. डाव्या-उजव्या बाजूने ठेका कानावर पडत राहतो आणि पाय आपोआप पावली धरतात. कोणते अभंग कोणत्या वेळी, काकड्यानंतर काय, रूपाचे अभंग कधी, वाटचालीचे कोणते, हे त्याला कोणी शिकवायला बसत नाही. चालता चालता ते अंगात मुरते. मुक्कामाला पोहोचल्यावर शेजारचाच म्हातारा विचारतो, ‘पायाला फोड आला का रं?’ तेल तोच देतो.

1917 साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनकार तयार करण्याची पद्धतशीर सोय झाली. ते काम थोरच. पण लाखो साध्या वारकऱ्यांचे शिक्षण आजही त्या दोन टाळकऱ्यांच्या मध्येच होते.

याहून मोठी गोष्ट समाजआरतीची. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. म्हणजे मुंबईत बर्न्स लॉज उभे करत होते त्याच्या थोडे आधी. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की दिंड्या गोल उभ्या राहतात आणि टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड वर करतो. क्षणात सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. एवढ्या अफाट शांततेत एकाच दिंडीचा टाळ! चोपदार त्या दिंडीकडे जातो, काय झाले ते विचारतो, तड लावतो. मग कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले, ते पुकारले जाते. त्यानंतर आरती. कोणाचे तरी दुखणे बाकी असताना आरती व्हायची नाही, अशी ती व्यवस्था.

आपल्याकडेही तशी जागा आहे, साहेब. लॉज बंद करण्याआधी मास्टर तीनदा उठतो आणि तीनदा विचारतो, कोणाला काही सांगायचे आहे का. पहिल्या दोन वेळी वरिष्ठ लॉजची पत्रे वाचली जातात, तिसऱ्या वेळी आपल्या लॉजचे विषय, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचे निरोप. या तिसऱ्या वेळेला आपण किती हलके करून टाकले आहे! सेक्रेटरी भराभर चार नावे वाचतो, दिलगिरी कळवली आहे म्हणतो, आणि सगळ्यांचे लक्ष जेवणाकडे गेलेले असते. ज्यांनी निरोप पाठवला त्यांची नावे वाचली जातात. ज्यांनी निरोपच पाठवला नाही त्यांचे काय? ज्याचा टाळ वाजतच राहिला आहे तो तर त्यांच्यातच असतो.

माझी मागणी अशी, की तिसऱ्या उठण्याच्या वेळी मास्टरने निरोप न देता गैरहजर राहिलेल्या प्रत्येकाचे नाव उच्चारावे आणि विचारावे, ‘यांना कोण भेटले?’ ज्याच्याकडे तो बंधू सोपवला आहे त्याने उभे राहून उत्तर द्यावे. भेटलो, बरे आहेत, बदली झाली आहे. किंवा, आई आजारी आहे, आपल्यापैकी दोघांनी उद्या इस्पितळात जावे. किंवा सरळ, नाही भेटलो. ‘नाही भेटलो’ हे लॉजसमोर एकदा म्हणावे लागले की पुढच्या महिन्यात माणूस आपोआप भेटून येतो. यात एकाही विधीचे अक्षर बदलत नाही आणि पैसाही लागत नाही.

इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने ‘लॉज मेंटॉर’ असे पदच ठेवले आहे. नवे सभासद पहिल्या काही वर्षांतच गळतात, हे त्यांनाही जाणवले म्हणूनच. आपण तसे पद ठेवावे, पण पदावर थांबू नये. एका लॉजमध्ये एकच मेंटॉर असला की पुन्हा तेच होते: बाकीचे मोकळे. मेंटॉरने स्वतः सगळ्यांना शिकवायचे नाही. कोणत्या नव्या माणसाला कोणता जुना माणूस मानवेल हे ओळखून त्यांची गाठ घालून द्यायची. मला जर एखादा इंग्रजी झाडणारा बॅरिस्टर सोबती दिला असता तर मी दुसऱ्या महिन्यात पळालो असतो. हे ओळखायला वय लागते आणि माणसांचा लोभ लागतो. सजावटीची पदके मिळवलेला प्रत्येक जण या कामाला योग्य असतो असे नाही; वर्षानुवर्षे मागच्या खुर्चीत बसणारा, भाषण न करणारा एखादा बंधू अधिक योग्य असतो.

नवा बंधू मास्टर मेसन झाला त्या दिवशी सोबत्याचे काम संपू नये. खरे तर तिथूनच ओसाड पट्टा सुरू होतो. पायऱ्या संपल्या, पद अजून मिळालेले नाही, करायला काही नाही. त्या वर्षात त्याला दुसऱ्या लॉजमध्ये घेऊन जावे, एखादा छोटा पाठ म्हणायला द्यावा, रक्तदानाच्या किंवा शाळेच्या मदतीच्या कामाला जोडीने लावावे. आणि पायऱ्या देण्याची घाई थांबवावी, अशी आपल्याला हात जोडून विनंती. संख्या दाखवण्यासाठी माणसाला भराभर वर चढवले की खालच्या पायरीवर त्याने उभे राहून पाहायचे असते ते राहून जाते. ओबडधोबड दगड आणि घडीव दगड, दोन्ही लॉजमध्ये समोर ठेवलेले असतात. त्या दोहोंमध्ये किती वेळ गेला असेल, हे गवंड्याला विचारावे.

भाषेबद्दलही बोलले पाहिजे. विधी इंग्रजीत असोत. त्या भाषेचा मला राग नाही, तिचे पाठांतर करताना मला आनंदच झाला. पण विधीनंतरचे समजावणे त्या माणसाच्या भाषेत व्हावे. सोलापुरातल्या माणसाला मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांतली कोणतीही भाषा घरची असू शकते. नीतीचा विचार ज्या भाषेत आईने सांगितला त्या भाषेत तो पुन्हा ऐकला तर खोल जातो. सोबती निवडताना हेही पाहावे.

आपली लॉज पुरुषांचीच आहेत. वारीतल्या बायांकडे पाहिले की या गोष्टीचा विचार मनात येतोच. ॲनी बेझंट यांनी स्त्री-पुरुषांच्या संयुक्त मेसनरीला या देशात आणले त्याला शतक उलटून गेले. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन. इथे एवढेच म्हणतो, की नव्या बंधूच्या घरी जाणे हे सोबत्याचे पहिल्या महिन्यातले कर्तव्य असावे. घरातल्या बाईला विश्वासात न घेता तिच्या घरातला माणूस आपण आपला म्हणू नये.

शेवटी माझ्यासारख्यांचे. नोकरी संपली की माणसे आपापल्या गावी परततात. मुंबई-पुण्याच्या लॉजच्या यादीत त्यांचे नाव काही वर्षे राहते, वर्गणी थकते, मग नाव जाते. कोणी गुन्हा केलेला नसतो. गुडघे दुखतात, रात्रीची गाडी झेपत नाही, एवढेच. फेस्टिव्ह बोर्डच्या शेवटी टायलर जगभर विखुरलेल्या, अडचणीतल्या बंधूंसाठी पेला उचलतो आणि त्यांना लवकर दिलासा मिळो, त्यांची इच्छा असेल तर ते सुखरूप मायदेशी परतोत, असे म्हणतो. हे ऐकताना तरुणपणी मला समुद्रावरचे खलाशी दिसायचे. आज वाटते, त्यात बार्शी, भूम, कळंब, औसा अशा गावी परतलेले बंधूही धरावेत. ते मायदेशी सुखरूप पोहोचले आहेत, पण त्यांच्याशी बोलायला कोणी नाही. याच माणसांना नव्या बंधूंचे सोबती करता येईल. त्यांच्याकडे पाठांतर आहे, अनुभव आहे आणि भरपूर वेळ आहे. दर रविवारी अर्धा तास फोनवर एखाद्या तरुणाकडून प्रश्नोत्तरे घोटून घेणे मला सहज जमेल, आणि वैरागमध्ये मोबाइलची रेंज चांगली आहे.

म्हणून आपल्याला नेमकी विनंती करतो. पश्चिम भारताच्या रीजनल ग्रँड लॉजमार्फत सगळ्या लॉजना एक परिपत्रक पाठवावे: प्रत्येक नव्या बंधूच्या सोबत्याचे नाव इतिवृत्तात नोंदवावे आणि तिसऱ्या वेळी गैरहजरांची विचारपूस व्हावी. सोलापूर, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांत परतलेल्या बंधूंपैकी ज्यांची संमती असेल त्यांची नावे माझ्या लॉजच्या सेक्रेटरींकडे कळवावीत. ते मला पोचवतील. या बंधूंची पहिली भेट माझ्या घरी करण्याची माझी तयारी आहे. बार्शी आणि सोलापूर दोन्हीकडून एसटी मिळते. त्यात लॉज भरवणार नाही, तसा अधिकारही मला नाही. नुसते बसू, जेवू आणि कोणत्या तरुणाची जबाबदारी कोण घेतो ते ठरवू. त्या तरुण अभियंत्याला मी निरोप दिलेला आहे. तो येतो म्हणाला आहे. जेवण शाकाहारी असेल, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी पंगत खाली ओसरीवरच मांडू.

आपला बंधू,
वैरागचा एक मास्टर मेसन
(ता. बार्शी, जि. सोलापूर)